पांढऱ्यावर पांढरं

ओलं छत लवकर वाळावं म्हणून मी पंखा लावला. हेतू शुद्ध होता. पात्यांना कागद गुंडाळलेला आहे आणि त्या कागदावर गळलेल्या अस्तराची, म्हणजे प्रायमरची, बारीक बारीक तळी साचली आहेत, ही बाब मला पंखा फिरल्यावर कळली. खोलीभर शिंतोडे उडाले. माझा चष्मा गेला, दार गेलं आणि दाजींनी आदल्या दिवशी अस्तर मारून संपवलेल्या चारही भिंती गेल्या.

कोपऱ्यात घोडीवर, म्हणजे रंगाऱ्यांच्या दुपाखी शिडीवर, उभे असलेले दाजी शांतपणे म्हणाले, "साहेब, तुम्हालाही हात मारायची हौस होती तर सांगायचं. ब्रश दिला असता."

दाजी म्हणजे आमचे रंगारी. खरं तर ते दाजी फक्त त्यांच्या मेहुण्याचे. पण तो जोडीला असतो आणि दिवसभर इतक्या हाका मारतो, की कुठल्याही घरात दोन दिवसांत सगळेच दाजींचे मेहुणे होऊन बसतात. कामाची वाटणी जुनी. खरवडणं, भेगा भरणं, ओलीचे डाग बंद करणं आणि अस्तर दाजींकडे. वरचा रंग मेहुण्याकडे. "अस्तराशिवाय रंग म्हणजे आंघोळ न करता पावडर," असं दाजी म्हणत, आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत.

शिंतोडे वाळायच्या आत पुसायला हवे होते. मेहुणा रंगाचा डबा आणायला दुकानात गेला होता, म्हणून मीच फडकं भिजवून दिलं. दाजी कामाला लागले, आणि माझं हसू हळूहळू ओसरलं. थेंब खिडकीच्या डावीकडे. फडकं वीतभर उजवीकडे.

"इथं, दाजी."

फडकं सरकलं आणि थेंबाला वळसा घालून पुढं गेलं. मग दाजींनी उजवा तळवा भिंतीला लावला आणि आंधळी कोशिंबीर खेळावी तसा फिरवला. हाताला ओलं लागलं की तिथं पुसायचं.

त्यांनी दाराकडे कान दिला. "मेहुण्याला बोलू नका."

चहाचा कप दोन्ही हातांत धरून त्यांनी सांगितलं. काचबिंदू. गेलं ते गेलं, उरलं ते औषधानं टिकवायचं, असं डॉक्टर म्हणाले होते. रंगीत भिंतीवर पांढरं अजून दिसायचं. जुन्या पांढऱ्या छतावर नवं पांढरं मारताना मात्र कुठं मारलं आणि कुठं राहिलं, काही कळेना. औषधाची बाटली ते भिंती घासायच्या पॉलिश पेपरच्या पिशवीत ठेवत. घोडीवरून खाली बघितलं की पायऱ्या धूसर होत, म्हणून खाली बघणंच त्यांनी सोडलं होतं.

"वहिनींना तरी सांगितलंत?"

"ती कोणाची बहीण आहे, साहेब? संध्याकाळच्या आत त्याच्या कानावर. मग मला खाली बसवतील, डबे ढवळायला. हातात काठी देऊन."

दुसऱ्या दिवशी पहाटेच खोलीतून खुडबुड ऐकू आली. बघतो तर कामासाठी दिलेल्या किल्लीनं आत आलेला मेहुणा, एकटाच. एका हातात वायरला लटकवलेला बल्ब, छताला तिरपा धरलेला. त्या तिरप्या उजेडात छतावर राहून गेलेले पट्टे नकाशातल्या नद्यांसारखे दिसत होते आणि मेहुणा ते भराभर भरत होता.

मला बघून तो दचकला. "दाजींना बोलू नका."

आता मी असा माणूस, की वाढदिवसाची भेटवस्तूसुद्धा आदल्या दिवशी सांगून टाकतो. माझ्या पोटात दोन्ही बाजूंची गुपितं एकमेकांना ढुसण्या द्यायला लागली.

"तुला कधी कळलं?"

"पिशवीत बाटली दिसली. त्याआधी छतं दिसत होतीच."

"मग त्यांना वर कशाला चढू देतोस?"

"या कामात आलो तेव्हा त्यांची घोडी धरायचो मी. आता मीच त्यांना उतरा म्हणू?" त्यानं बल्ब पुढं सरकवला. "ते वर असले की मी खालून हलत नाही. काल दुकानात गेलो तेवढाच."

त्या दिवशी बैठकीची खोली होती. छत उंच. दाजी घोडीवर, मेहुणा खाली, पुठ्ठ्यावर रंग घोटून बघण्याचं नाटक करत. दुपारी उतरताना दाजींचा पाय पायरीच्या पुढं हवेत पडला. मेहुण्यानं पोटरी पकडली, पाऊल उचलून पायरीवर ठेवलं.

"दाजी, चपला बदला. तळ गुळगुळीत झालेत."

"हो रे. बदलायला झाल्यात."

चपला कोऱ्या होत्या. दोघंही हसले. दाजींनी मात्र घोडीचा दांडा सोडला नाही, आणि मेहुणा नळाखाली हात धरून उगाच उभा राहिला.

तो अंगणात गेला तेव्हा दाजींनी पुन्हा पहिल्या पायरीवर पाय ठेवला. माझ्याच्यानं राहवलं नाही. मेहुण्याचं गुपित फोडलं.

"दाजी, नका चढू. त्याला सगळं माहीत आहे. आज पहाटे येऊन तुमची राहिलेली जागा त्यानंच भरली."

दाजी थांबले. ब्रश डब्याच्या काठावर निपटला, एका बाजूनं, मग दुसऱ्या. मग वरची पायरी हातानं चाचपत म्हणाले,

"जोवर त्यानं ते माझ्या तोंडावर म्हटलेलं नाही, तोवर मी चढणार."