हेल्गाबाईची ओटी

हेल्गाबाईचे दोन्ही हात मी मागून धरले होते आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तिच्या पिशवीची दोरी सोडत होत्या. पाराभोवती अर्धं पुणतांबं जमलं होतं. हेल्गाबाई एकच शब्द ओरडत होती, "ओती! ओती!"

"वत म्हनती," आत्याबाई म्हणाल्या. "घे, वतते." आणि त्यांनी पिशवी पारावर उलटी केली.

आतून खणांची गाठोडी पडली. हिरवे, लाल, चोळीचे खण, प्रत्येकाला गाठ मारलेली. एक फुटलं. त्यातून गहू सांडले, हळकुंड पडलं, सुपारी घरंगळत पाराखाली गेली. कुठल्याही बाईला ते सांगावं लागत नाही. ती ओटी होती. एकेका गावच्या बायांनी निरोप देताना भरलेली. हेल्गाबाईला ट म्हणता येत नव्हता. रोटीला ती रोती म्हणायची, ताटाला तात. घरात सगळ्यांना हे ठाऊक होतं, मलाही. तरी मी ऐकलं नाही. बायांनी पदर तोंडाला लावले. मी तिचे हात सोडले.

ती जर्मनीची. दुष्काळाच्या साली नदीच्या कडेकडेने चालत त्र्यंबकेश्वरहून आली होती, आणि नदी समुद्राला मिळते तिथवर जायचं म्हणत होती. पोरांनी नाव विचारलं. "हेल्गा," ती म्हणाली. पोरं हसून लोळली. आमच्याकडे म्हशीच्या नर पारडाला हेलगा म्हणतात. मी तिला गोठ्यातला हेलगा दाखवला. तिने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "हळू चालतो. बरोबर नाव."

तिच्या पायाला फोड आले होते म्हणून आमच्या ओसरीवर राहिली. मला ती फार आवडायची असं नाही. तिच्या पायांना वास यायचा आणि ती फार बघायची. मी भाकरी थापायला बसले की समोर बसून बघायची. नदीवर नेली की कोरड्या वाळूत बसायची, डोहात उरलेलं पाणी बघायची. "नदी पण बसते," म्हणायची. गावातले लोक तिची चेष्टा करत. "बाई, पुनतांब्याला टेसन हाय की! रेल्वेत बसा, परवाच्याला समुद्र." ती मान हलवायची. "रेल्वे नदी बघत नाय." कुणी बैलगाडीत बस म्हटलं तरी नको. "हळू. काय पळत नाय."

"हिचं काय पळत न्हाई," आत्याबाई म्हणत. "माझा दिस पळतो."

पण तिला वाढताना आत्याबाई कमी करत नव्हत्या. रेशनची लाल मिलो ज्वारी होती, त्याच ज्वारीची भाकरी. हेल्गाबाई त्यांना आई म्हणायची. मी तिला एक गोष्ट शिकवली होती. घरातून निघताना जाते म्हणायचं नाही, येते म्हणायचं. तिला ते फार आवडलं. परसाकडेला जाताना सुद्धा सांगून जायची, "येते."

त्या दिवसांत गावात धान्याच्या चोऱ्या होत होत्या. घरची माणसं खडी फोडायच्या कामावर, घरं मोकळी. एका सकाळी आत्याबाईंनी बियाण्याच्या ज्वारीचं मडकं पाहिलं तर रिकामं. पेरायची ज्वारी ती. उपाशी राहून ठेवलेली. तेवढ्यात शेजारीण सांगत आली, "तुमची गोरी पारावर बसलीया. पिशवीत दानं हायती तिच्या. म्या हात लावून बघितलं." आत्याबाई तशाच अनवाणी निघाल्या. मला म्हणाल्या, "चल, आन धर तिला." मी धरलं.

दाणे सांडल्यावर हेल्गाबाई खाली बसली आणि धुळीतून गहू वेचायला लागली. एकेक दाणा. तशीच, हळू. दोघीतिघी मदतीला वाकल्या तर म्हणाली, "नको." ते गहू कोपरगावचे की आणखी कुठले, तिलाच माहीत. पिशवी एवढी जड का आणि ती एवढी हळू का चालते, हे आम्हाला तेव्हा कळलं. एकाही गावची ओटी तिने खाल्ली नव्हती, टाकलीही नव्हती. आत्याबाई घरी गेल्या होत्या.

संध्याकाळी आमचे मालक कामावरून आले. मडक्याचं ऐकून म्हणाले, "बियानं मीच माळ्यावर ठिवलंय. चोऱ्या वाढल्यात म्हनून. सांगायचं ऱ्हायलं." आत्याबाई चुलीपुढे बसल्या होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

सकाळी हेल्गाबाई निघाली. आत्याबाईंनी ट्रंकेतून नवा खण काढला, त्यावर नारळ ठेवला आणि त्याच बियाण्यातली ओंजळ भरून घेतली. त्या साली ओंजळभर बियाणं म्हणजे काय, ते ज्यांनी पाहिलं त्यांनाच कळेल. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "बाई, पदर पसर."

तिला पदर नव्हता. खांद्यावर पंचा असायचा, तोच ती पसरायची म्हणे. तिने पंचाला हात लावला. आत्याबाईंच्या ओंजळीकडे पाहिलं, नंतर माझ्याकडे.

"नको, आई," ती म्हणाली. "जड."

मग पिशवी उचलली, "येते" म्हणाली आणि नदीकडे उतरली.

आत्याबाई ओंजळ तशीच धरून उभ्या राहिल्या. ते दाणे त्यांनी परत बियाण्यात घातले नाहीत. वेगळ्या गाडग्यात ठेवले. पेरले नाहीत, दळले नाहीत. शेवटी उंदरांनी खाल्ले.

ती समुद्रापर्यंत पोचली का, मला माहीत नाही. पोचली असेल तर वाटेवरच्या सगळ्या गावांची ओटी तिच्यापाशी असेल. पुणतांब्याची नाही.

आत्याबाई गेल्या, मालक गेले, ती शेजारीणही गेली. हात धरणारी मी, अजून आहे.