सुंदराबाईंचा काप

कर्वेनगरच्या एका कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, सुंदराबाई धुमाळ एकतीस वर्षं परिचर आहेत. टेबलं पुसायची, बाटल्या धुवायच्या, हे त्यांचं काम. पण प्रॅक्टिकलला सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे मुलांचे काप जाडेभरडे निघाले की सगळे त्यांच्याकडेच धावतात. दाढीच्या पात्यानं त्या देठाचा असा पातळ काप काढतात, की त्याखालची अक्षरं वाचावीत.

गेल्या वर्षी विभागप्रमुख वल्लरी मॅडमकडे कैरोहून एक डबी आली. प्राचीन इजिप्तच्या रंगवलेल्या लाकडी शवपेट्या टिकवायला चार देशांतले संशोधक एकत्र आले होते. एका पेटीच्या एकाच फळीवरचा रंग सुटत होता आणि ती फळी कुठल्या झाडाची हे कळल्याशिवाय उपाय ठरेना. आपसूक गळलेल्या तीन बारीक ढलप्या त्यांनी लाकूड ओळखायला मॅडमकडे धाडल्या होत्या.

काप काढायच्या यंत्राखाली पहिल्या दोन ढलप्यांचा भुगा झाला. तिसरी समोर ठेवून मॅडम नुसत्याच बसून राहिल्या.

"मी बघू का, मॅडम?" सुंदराबाईंनी विचारलं.

"अहो, तीन हजार वर्षांचं लाकूड आहे. आणि ही शेवटची."

"म्हणूनच दमानं घ्यायचं. पार सुकलंय ते. आधी वाफ देऊ."

त्यांनी ढलपी वाफेवर धरली, पकड मिळावी म्हणून गाजराच्या चिरेत बसवली आणि पातं चालवलं. पहिले तीन काप फुटले. मॅडमनी डोळेच मिटून घेतले. चौथा काप मात्र अखंड निघून पाण्यावर तरंगला.

सूक्ष्मदर्शकाखाली आधी सुंदराबाईंनीच पाहिलं. "हे तर आपल्या उंबराच्या गोतातलं हाय. तसेच पट्टे."

मॅडमनी दुपारभर नमुने ताडून पाहिले. खरंच ते उंबराचं भाऊबंद निघालं, नाईलकाठचं अंजीर. कैरोच्या नोंदीत मात्र अख्खी पेटी देवदाराची होती! दोन जातींची लाकडं ओलाव्यानं कमीजास्त फुगत होती, म्हणून रंग सुटत होता.

शोधनिबंधात नाव घालायची वेळ आली, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "सुंदराबाई, तुमच्या नावापुढे संशोधन सहायक लिहू?"

"कशाला? परिचर लिहा. काम त्याच पदावर केलंय."

निबंधाचं पहिलं पान त्या लॅमिनेट करायला घेऊन गेल्या. "कुणाचं सर्टिफिकेट, मावशी?" दुकानदारानं न बघताच विचारलं.

"माझं. नीट कर, सुरकुती नको."

महिन्याभरानं कैरोच्या प्रयोगशाळेनं त्यांना व्हिडिओवर शिकवायला बोलावलं. इस्त्रीची साडी नेसून त्या बसल्या. मॅडम शेजारी बसून त्यांचं बोलणं इंग्रजीत सांगत होत्या. पडद्यावर एक तरुण संशोधिका जुन्या फांदीच्या तुकड्यावर पातं दाबत होती.

"तिला सांगा, रेटू नको. पातं ओलं कर आणि तिरकं ओढ."

तिचे चार काप वाया गेले. पाचवा तिनं हळूच उचलून कॅमेऱ्यासमोर धरला. पलीकडची खिडकी त्यातून दिसत होती.

सुंदराबाई पुढे वाकल्या, तो नीट निरखला आणि म्हणाल्या, "जमलं. आता अजून धा काढ म्हणावं."