सोल्डरिंगचं बिट आणि मूठभर चिंच

सगळ्यात आधी वास आला. जवसाच्या तेलाचा, करपल्यासारखा.

तुम्ही म्हणाल, सिहोऱ्यासारख्या गावात जवसाच्या तेलाचा वास आला तर त्यात एवढं काय? पडली असेल कोणाच्या तरी घरी फोडणी! बरोबर आहे. पण हा वास स्वयंपाकघरातून येत नव्हता. माझ्या टेबलावरून येत होता, माझ्या नव्याकोऱ्या सोल्डरिंग आयर्नमधून. तिथेच मी बटण बंद केलं असतं तर पुढची शोभा टळली असती. पण शोभा करून घ्यायची ठरवलीच असेल तर बटण कोण बंद करतं? ऐका आता. हसलात तरी चालेल, फक्त चहा सांडू नका.

आधी मी कशी आहे ते सांगायला हवं. कुकरची शिट्टी झाली की मी दचकते. कुकर मीच लावलेला असतो, तरी! बी.एस्सी. झाल्यापासून घरी बसून परीक्षांचा अभ्यास करते आहे, आणि अभ्यासाचा कंटाळा आला की इलेक्ट्रॉनिक्सचे खेळ करते. विजेला घाबरणाऱ्या मुलीला हाच नाद कसा लागला, ते मलाही कळलेलं नाही.

तर या नादाला यंदा एक खरं काम मिळालं होतं. धान कापणीला आलं की आमच्याकडे रानडुकरं येतात, आणि मग बाबांना रोज रात्री शेतातल्या मचाणावर झोपायला जावं लागतं. झोपायला म्हणजे काय, डबा वाजवत बसायला. सकाळी येतात ते कंबर धरून, वाकलेले. मी ठरवलं, आपण भोंगा बनवायचा. समोरून डुक्कर गेलं की सेन्सर ओळखेल, भोंगा बोंबलेल, डुक्कर पळेल आणि बाबा घरी गादीवर झोपतील.

"खरंच व?" आई म्हणाली. "मंग आज संध्याकाळपासून घरीच झोपतीन ते?"

"आज संध्याकाळपासून," मी म्हटलं. जीभ आहे ना, तिला हाड नसतं!

सगळे भाग आणून झाले होते. तारा नुसत्या पिळून जोडल्या तर भोंगा वाजतही होता. फक्त सोल्डर करून, म्हणजे कथलासारखी तार वितळवून जोड पक्के करायचे राहिले होते. त्यासाठी मी आदल्या दिवशी तुमसरला जाऊन आयर्न घेऊन आले होते.

तिथली खरेदीही ऐकण्यासारखी आहे. दुकानदारभाऊंनी विचारलं, "कायच्यासाठी पायजे ताई?"

मी घाईघाईत म्हणाले, "डुकरांसाठी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग कपाटातलं सगळ्यात जाड, हातोड्यासारखं आयर्न काढून समोर ठेवलं. मी लाजून लाल! मग सेन्सर, भोंगा, सर्किट सगळं समजावलं, तेव्हा कुठे त्यांनी ते परत ठेवलं आणि पेनासारखं बारीक, पंचवीस वॅटचं आयर्न हातात दिलं.

"बारीक कामाले बारीकच घ्या. जाडं लावसान तर सर्किटची पट्टीच उखडते," ते म्हणाले. आयर्नच्या पुढच्या टोकाला बिट म्हणतात. तसं एक जास्तीचं बिटही त्यांनी सोबत दिलं. बिटाची काळजी कशी घ्यायची तेही ते बरंच काही सांगत होते, आणि मी "हो, हो, माहीत आहे" अशी मान हलवत होते. आम्हा घाबरट लोकांचं असंच असतं. आपल्याला कळलं नाही हे समोरच्याला कळू नये, म्हणून आम्ही फार भराभर मान हलवतो.

घरी आल्यावर आईने आयर्न उलटंपालटं करून पाहिलं.

"लोखंडाची वस्तू आहे ना व? तेल लावून ठेव. नाही तं गंजते."

यात चुकीचं काय वाटणार, तुम्हीच सांगा! आमच्या घरी नवा तवा आला की त्याला आधी जवसाचं तेल चोपडतात, तापवतात, पुन्हा चोपडतात. मगच त्याच्यावर भाकर टाकायची. मीही बिटाला बोटभर तेल चोळलं आणि रात्रभर ठेवून दिलं. म्हणजे तो वास कसला होता ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. मी बिट तापवत नव्हते, तळत होते.

"काहून व, जळून राहिलं काही?" आईने आतून विचारलं.

"काही नाही! गरम होऊन राहिलं!"

धूर निघाला, विरला. बिट तव्याच्या पाठीसारखं काळं झालं. सोल्डरची तार लावली तर ती वितळली खरी, पण बिटाला चिकटेचना. अळूच्या पानावरून पाणी घरंगळावं तसे तिचे गोळे होऊन टपाटप खाली पडू लागले. जोड काही होईना.

आई येऊन पाहून गेली. "काळं झालं तं घासाव लागते. काळं भांडं आपन काय करतो बाई?"

आता हेही मला पटलं! दिवाळीत घरची सगळी पितळेची भांडी मीच लख्ख केली होती. बिट थंड झाल्यावर काढून घेतलं, मूठभर चिंच भिजवली, चुलीतली राखड घेतली आणि बसले घासत. थोडं उजळलं. पण थोड्यावर माझं समाधान होत नाही. बाबांनी खिडकीला रंग देताना आणलेला पॉलिश पेपर सापडला. मग त्यानं घासलं. आणि काय सांगू तुम्हाला, वरचा पांढुरका थर निघून आतून अस्सल लालबुंद तांबं निघालं! देव्हाऱ्यातली घंटासुद्धा त्याच्यापुढे मळकी दिसली असती. आईला दाखवलं. आईने हनुवटीला हात लावून कौतुक केलं.

मग? मग काय, गंजू नये म्हणून पुन्हा तेल लावलं.

पुन्हा धूर, पुन्हा काळं, पुन्हा गोळे. पुन्हा चिंच. सकाळ सरली. शेवटी एक तापलेला गोळा घरंगळत थेट माझ्या पायाच्या अंगठ्याजवळ पडला आणि मी अशी किंचाळले की शेजारच्या कुसुमकाकू पोळपाट हातात घेऊन धावत आल्या.

"काय झालं व माय? करंट लागला काय पोरीले?"

मला बोलता येईना. भीती वाटली की माझा आवाज आधी जातो आणि पाचेक मिनिटांनी परत येतो. मी नुसतं आयर्नकडे बोट दाखवलं. काकूंना तेवढं पुरलं.

"पाह्य, मी म्हनत नोती! हे बाजारातल्या वस्तू असेच असते. डुप्लिकेट!"

आवाज परत आला तेव्हा मी सांगायला हवं होतं की करंट लागला नाही. पण काकू मला पाणी पाजत होत्या, आई पाठीवरून हात फिरवत होती, आणि खरं सांगू, आयर्न खराबच आहे अशी माझीही खात्री पटली होती. मी इतकं घासूनपुसून, तेल लावून जपलं, मग दोष माझा कसा असेल? मी म्हटलं, "हो, डुप्लिकेटच असेल."

एवढ्यात बाबा शेतातून आले. अंगणात चपला काढेपर्यंत त्यांना बातमी मिळाली की दुकानदाराने डुप्लिकेट माल दिला. हातपाय धुईपर्यंत कळलं की पोरीला करंट लागला. आणि पाट मांडेपर्यंत काकूंनी सांगितलं, "वाचली म्हना देवाच्या किरपेनं!"

आता बाबांबद्दल सांगते. माझे बाबा कधी कोणाशी भांडत नाहीत. शेजाऱ्याचा बैल आमच्या धानात शिरला तर त्याला हाकलतानासुद्धा ते "चला दादा, चला" म्हणतात. असा माणूस ताटावरून उठला.

"कोनतं दुकान हाय?"

"बाबा, राहू द्या ना..."

"राहू काहून देऊ? माया पोरीच्या जिवाशी खेळते का तो?"

त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, भांग पाडला आणि ते काळं-लाल बिट रुमालात सोन्याच्या डागिन्यासारखं गुंडाळून खिशात ठेवलं. भांडायला कसं जातात हे त्यांना माहीत नव्हतं, म्हणून ते सोयरिकीला निघाल्यासारखे निघाले. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली.

घर शांत झालं. काकू पोळ्या लाटायला गेल्या. मी टेबलापाशी येऊन बसले. डबीत ते जास्तीचं बिट होतं. तेल लावायचा जीव राहिला नव्हता, घासायला चिंच संपली होती. म्हणून जसं होतं तसंच, कोरडं बसवलं आणि बटण दाबलं. सहज सोल्डरची तार टेकवून पाहिली.

तर ती पसरली! गरम भातावर तूप पसरावं तशी बिटभर पसरली, चांदीसारखी. तार जोडली, पटकन चिकटली. दुसरी जोडली, तीही चिकटली. टोक ओल्या फडक्यावर पुसलं, पुन्हा थोडं सोल्डर लावलं, पुन्हा चकचकीत. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. बिटाला सोल्डरचाच थर हवा असतो, आणि तो धरून ठेवायला जो वरचा थर कारखान्यातून देतात, तोच मी चिंच, राखड आणि पॉलिश पेपरने खरवडून काढला होता. उरलेलं काम जवसाने केलं होतं. आयर्न अगदी उत्तम होतं. दुकानदार सज्जन होता. आणि माझे बाबा आयुष्यातलं पहिलं भांडण करायला निघाले होते, ते माझ्या शब्दावर!

मी फोन घेतला. लावला. आणि लगेच कापला. गाडी चालवताना त्यांनी फोन उचलला आणि गाडी घसरली तर? नाही लावला तर दुकानात पोचून भांडतील. पुन्हा लावला. पुन्हा कापला.

"काय करून राहिली व?" आई म्हणाली. "मधात मधात कापशीन तं ते कसे उचलतीन?"

"आई, आयर्न चांगलं आहे! मीच बिट खराब केलं!"

आईने क्षणभर विचार केला. "चिंच जुनी होती," ती म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

आता ते पोचले असतील इतका वेळ झाल्यावर मी कापायचं सोडलं. घंटी पूर्ण वाजली. कोणी उचलेना. पुन्हा वाजली. डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं: दुकानासमोर गर्दी, बाबांचा इस्त्रीचा शर्ट फाटलेला, पोलीस आलेले. पुन्हा लावला. देवाला नारळ बोलले. पुन्हा लावला, आणि एकदाचा फोन उचलला गेला!

"हॅलो बाबा!"

"ताई, मी दुकानातून बोलून राहिलो."

मी खुर्चीतून उठलेच. "बाबा कुठे आहेत? भांडले का?"

"भांडतीन कायचे! साहेब साहेब करून राहिले. पन उठून नाही राहिले ना! मी कवापासून सांगून राहिलो का बिट कोनंतरी घासलं. ते म्हनते, माही पोरगी असं करूच शकत नाही. तुमीच सांगा आता. स्पीकर लावतो."

खरखर झाली. मागे बरीच माणसं असल्यासारखं वाटलं. मग बाबांचा आवाज आला, भरदार, दुकानभर ऐकू जाईल असा. "बोल बेटा! घाबरू नको. सांग या साहेबाले, तू काई केलं नाही म्हनून."

"बाबा," मी म्हटलं, "चिंच लावली. अन् राखड. मग पॉलिश पेपरनं घासलं. मग जवसाचं तेल लावलं."

तिकडे कोणीतरी फिसकन हसलं. मग आणखी कोणीतरी. मग बाबा बोलले, मला नाही, दुकानदाराला:

"बरं, ते जाऊ द्या. पन घासलं किती मस्त, ते पाहा ना साहेब! आहे काय तुमच्या दुकानात असं एक तरी?"