प्लग-इन मीच घालवला

प्लग-इन मीच घालवला आणि नाव भागीदाराचं सांगितलं. इतकी वर्षं झाली, तरी ते वाक्य मी किती सहज बोललो हे आठवलं की बसल्या जागी चुळबूळ होते.

काष्टीच्या बाजारपेठेत एका दुकानाच्या माडीवर आम्हा दोघांचा कॉम्प्युटर क्लास होता. नव्वदचं दशक संपत आलं होतं. भागीदाराचे चुलते, तात्या, बौद्धवस्तीतली गायन पार्टी चालवायचे. चुलती त्यांच्या पार्टीत गायची. ती वारली तेव्हा तिच्या आवाजाची एकच कॅसेट उरली होती. भागीदाराने त्या कॅसेटमधली चार गाणी कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. हार्ड डिस्क लहान, म्हणून गाणी कमी जागा घेणाऱ्या प्रकारात ठेवली. तो प्रकार आमच्या प्लेअरला, म्हणजे गाणी लावायच्या प्रोग्रामला, वाजवता येत नसे. त्यासाठी वेगळा छोटा प्रोग्राम, म्हणजे प्लग-इन, टाकावा लागला होता.

गाणी उतरल्यावर तात्यांनी पार्टीच्या रिवाजाप्रमाणे त्याच कॅसेटवर आपली नवी गाणी भरली. "ती आता काँप्युटरात हाय. कॅसेट कशाला अडवायची?"

चुलतीचं वर्षाचं पुण्यानुमोदन आठवड्यावर आलं होतं. त्या दिवशी तिची गाणी लावायची ठरली होती. भागीदार बहिणीकडे गेला असताना मी मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून प्लेअर अपडेट केला. जुन्या फायली काढू का, असं पडद्यावर विचारलं गेलं. मी न वाचताच होय दाबलं.

बाजारच्या दिवशी तात्या दोन पाहुण्यांना घेऊन वर आले. "ऐकव ह्यांना." मी क्लिक केलं. हा प्रकार ओळखता येत नाही, एवढंच पडद्यावर आलं. मी स्पीकरच्या वायरी हलवल्या, मशिन बंद करून चालू केलं. काय झालंय ते मला कळून चुकलं होतं.

"काय झालं रं?"

"तुमच्या पुतण्यानं काहीतरी केलं असेल."

पुढचे दोन दिवस मी जेवताना उठायचो, क्लासमध्ये जाऊन फोल्डर उघडायचो, बंद करायचो. नवा प्लेअर काढला, पुन्हा टाकला. प्लग-इन काही परत आला नाही.

तिसऱ्या दिवशी भागीदार परतला. तात्यांनी त्याला जिन्यातच गाठलं. मला वर सगळं ऐकू येत होतं. "चुलतीनं तुला ल्हानाचा मोठा केला. तिचा आवाज तेवढा सांबाळता आला न्हाई तुला?"

तो वर आला, मशिनपुढे बसला.

"सीडी लावली होतीस?"

"नाही."

"मग आपलं आपणच अपडेट झालं म्हणायचं. लई शिकलं हे मशिन आपल्या क्लासात."

त्याच्या फ्लॉपीवर प्लग-इन होता, पण नवा प्लेअर तो घेईना. मग त्याने दुसऱ्या फ्लॉपीवरून जुना प्लेअर वेगळ्या फोल्डरमध्ये टाकला, प्लग-इन त्याच्या जागी ठेवला. आधी खरखर आली, मग चुलतीचा आवाज, "जरा हळू वाजवा, मला गाऊ द्या की." आणि गाणं सुरू झालं.

खाली जाऊन त्याने तात्यांना बोलावून आणलं. ते उभ्यानेच ऐकत राहिले. चारही गाणी संपल्यावर पुतण्याला म्हणाले, "आता कोऱ्या कॅसेटीत भर. आन् ह्या डब्याला पुन्यांदा हात लावू नको."

"बरं तात्या," तो म्हणाला. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर मी कदाचित गप्प बसलो असतो.

"तात्या, त्यानं काही केलं नव्हतं," मी म्हणालो. "सीडी मी लावली. न वाचता बटण मी दाबलं. तुमच्यापुढं लाज वाटली म्हणून त्याचं नाव सांगितलं, आणि आज त्याच्याशीही खोटं बोललो." मग त्याच्याकडे वळलो. "तू माझ्यामुळं बोलणी खाल्लीस. माझं चुकलं, मला माफ कर."