अर्धी काळी राजकन्या

लढाईचे दिवस होते, मी मराठी चौथीत होते आणि माझा रंग तव्याच्या बुडासारखा होता. हे माझं म्हणणं नव्हे, आमच्या गुरुजींचं.

गुरुजी कर्जतला तंबूतला सिनेमा बघून आले आणि पार खुळावले. माणसं नाहीतच म्हणे, सगळी चित्रं, आणि तीच चालतात, नाचतात! तीच राजकन्येची आणि चेटकिणीची गोष्ट शाळेच्या संमेलनात करायची ठरली. राजकन्येची भाषणं दोन दिवसांत मला तोंडपाठ झाली. पण काम मिळालं स्टेशनावरच्या तारबाबूंच्या मुलीला. तिला चार ओळी धड येत नव्हत्या, पण ती गोरी होती. मला चेटकीण केली.

"राजकन्या गोरीच असते," गुरुजी म्हणाले. "तंबू इथे येतोय. आपल्या डोळ्यांनी बघ."

घरी जाऊन मी सगळं सांगितलं आणि भोकाड पसरलं. आई शेण्या थापत होती. "बघू गं," एवढंच म्हणाली. मला तिचाही राग आला.

आठवड्याने तंबू आमच्या पळसदरीला आला, तो नेमका आमच्या खळ्यात. गाडीतून सामान उतरवताना पडदा पडला तो थेट सारवणासाठी कालवलेल्या शेणात. तंबूच्या मालकाने कपाळावर हात मारला. आई म्हणाली, "द्या इकडं, दादा. धुऊन देते." तिने तो नदीवर धुतला, नीळ घातली, वाळवला. दिवेलागणीला मालकाने घाईघाईत टांगला आणि खेळ सुरू केला.

राजकन्या उजवीकडच्या वाड्यातून आली. गोरीपान. मग ती चालत डावीकडच्या झोपडीकडे गेली आणि, देवा शप्पथ, काळी झाली! माझ्यासारखी. परत उजवीकडे गेली, परत गोरी. पडद्याचा डावा अर्धा भाग निळीने गडद झाला होता. राजपुत्राचा घोडा मध्यावर येऊन थांबला तेव्हा तर तो पुढून काळा आणि मागून पांढरा होता.

गुरुजी ताडकन उभे राहिले. "हा पडद्याचा दोष आहे! राजकन्या मुळात गोरी आहे!"

"गप बसा हो गुरजी," आमची शेजारीण म्हातारी ओरडली. "झोपडी हाय त्या अंगाला तिचं म्हायेर. उन्हात राबती, काळी व्हनारच. वाडा हाय तिकडं सासर. सावलीत बसून खाती. यवढं बी कळत नाय?"

सगळ्या तंबूला पटलं. मलाही पटलं.

मग संमेलनातही राजकन्या तश्शीच हवी, असं बायकांनी शाळेत येऊन बजावलं. गुरुजींनी पुष्कळ आदळआपट केली, पण बायकांपुढे त्यांचं काय चालणार? रंगमंचाच्या मधोमध चुन्याची रेघ मारली. माहेरची राजकन्या मी, सासरची तारबाबूंची मुलगी. मुकुट एकच. रेघेपाशी आले की मी तो काढून तिच्या डोक्यावर ठेवायची आणि खाली बसायची. राजपुत्राच्या अर्ध्या तोंडाला काजळी फासली होती, तो बिचारा रेघ ओलांडली की गर्रकन वळायचा. सासरची भाषणं तिला आठवेनात, म्हणून रेघेआडून तीही मीच म्हटली. काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! गुरुजी तेवढे हात बांधून बसले होते.

पण ते नंतर. त्या खेळानंतर तंबूचा मालक आमच्या दारात येऊन थयथयाट करत होता. "बाई, अर्धा पडदा निळा केलात! खुळ्या की काय तुम्ही?"

"हात चुकला, दादा," आई खाली मान घालून म्हणाली.

मी बघत राहिले. बाबांची धोतरं, टोप्या, शेजाऱ्यांच्या लग्नातली उपरणी, सगळ्याला नीळ आईच घालायची. कधी डाग म्हणून पडला नव्हता.

संमेलनाहून परतताना मी तिला विचारलं, "आई, हात खरंच चुकला व्हता?"

"नाय गं," आई म्हणाली. "लढाईत नीळ कुटं मिळती? घरात येकच पुडी व्हती. दुसरी असती तर राजकन्या आख्खीच काळी केली असती."