काथोडशेठच्या सेटची खरखर

"तुजी सीडी तुजीच बाजू घेनार," काथोडशेठ म्हणाले.

भिवंडीजवळच्या वळ गावातला त्यांचा हॉल. सोफ्यावर शेठ, जमिनीवर स्क्रूड्रायव्हर घेऊन मी, मध्ये नवीकोरी म्युझिक सिस्टीम. शेठनी जमीन गोडाऊनला भाड्याने दिली होती, त्या भाड्यातून ही घेतलेली. तक्रार एकच, आवाज फाटतो. मी कंपनीची टेस्ट सीडी लावली, आवाज स्वच्छ. शेठनी त्यांची सीडी लावली, तर गिटार करवतीसारखी आणि गाणारा मुलगा जणू बंद बाथरूममधून ओरडतोय.

मी तेव्हा भिवंडीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये इंजिनिअर होतो, प्रोबेशनवर. शेठचा हा दुसरा कॉल. तिसऱ्या कॉलला सेट बदलून द्यायचा, असा नियम. चांगला सेट बदलावा लागला तर इंजिनिअरचं कन्फर्मेशन लटकायचं. मॅनेजर सावंतसाहेब आडपडदा ठेवत नसत. "शनिवारपर्यंत कॉल क्लोज कर. नाहीतर दुसरी नोकरी बघ."

"शेठ, ही सीडी कुठून आणली?"

"नारपोलीला घेतली. भंगारात, किलोवर."

"गाणी ऐकायला?"

"न्हाय रं. भातावरची पाखरा हाकलाला."

परदेशात न खपलेल्या सीडी तेव्हा प्लास्टिकचं भंगार म्हणून यायच्या. पुन्हा विकल्या जाऊ नयेत म्हणून कडेला करवतीची खाच मारलेली असायची. शेठनी खाचवाल्या सीडी दोऱ्याला बांधून शेतात टांगल्या. उन्हात चमकल्या की पाखरं बिचकतात. एक धड निघाली, तिला बढती मिळून ती सिस्टीममध्ये आली.

ती मी सेंटरवर नेली. तिथल्या प्रत्येक प्लेअरवर तीच खरखर, त्याच जागी. म्हणजे बिघाड रेकॉर्डिंगमध्ये. पण शेठ म्हणणार, सेंटरही तुझंच. त्याच बँडची दुसरी सीडी त्यांच्याच भंगारवाल्याकडून आणली, तर काही बोलता येईल. गेलो नारपोलीला.

"इस बँड की और सीडी है क्या?"

"साहब, यहाँ माल तौल के बिकता है, गाना सुन के नहीं."

कव्हरं केव्हाच रद्दीत गेली होती, आणि सीडींवर बँडचं नाव क्वचितच छापलेलं. पोत्यावर बसलो, पोर्टेबल प्लेअर काढला आणि एकेक सीडी लावत गेलो. खाच असली तरी चालते. सीडी आतून बाहेर वाजत जाते, त्यामुळे फार तर शेवटचं गाणं जातं. एकीवर बारीक अक्षरात छापलं होतं, आमच्या स्वयंपाकघरात रेकॉर्ड केली. मोठी कंपनी नाही, स्टुडिओ नाही, पदरमोड करून केलेली गाणी. याला इंडी म्हणतात, हे मला पुढे कळलं. तिथे मी आधी नुसता बिघाड ऐकत होतो. मग लक्षात आलं की आपण गाणं ऐकतोय, मानही हलतेय. स्वतःचाच राग आला. ड्युटीवर होतो.

अखेर त्याच पोरांची दुसरी सीडी सापडली. ती पहिलीपेक्षा जास्त फाटत होती. इतका आनंद मला डिप्लोमा पास झाल्यावरही झाला नव्हता.

शनिवारी ती शेठना ऐकवली.

"म्हंजी पोरांनी मुद्दाम असा केलाय?"

"हो, शेठ."

"आन लोक पैशे देतान?"

"फारसे देत नसावेत. म्हणून तर भंगारात आली."

शेठना पटलं नाही. त्यांनी तिसऱ्या कॉलसाठी फोन उचलला. घरी नोकरी पक्की झाली म्हणून आधीच सांगून बसलो होतो.

तेवढ्यात शेठची बायको हात पुसत बाहेर आली. काकींचं माहेर नारपोलीचं, लूमच्या म्हणजे यंत्रमागांच्या गराड्यातलं.

"त्या पोराला कशाला छलता?" त्या शेठना म्हणाल्या. "मना तर बरोबर ऐकाला येतं. आमचे मायेरी चारी बाजूला लूम. बाबा गायचा तो असाच ऐकाला यायचा. खरखरीचे पाठी ऐका."

शेठनी डोळे मिटले. फोन हातातच. गाणं संपलं.

"आरं हाय की," ते म्हणाले. "पोऱ्या बरा गातो."

फोन खाली ठेवून त्यांनी कॉल क्लोज केल्याच्या कागदावर सही केली. मी जिने उड्या मारत उतरलो. पुढच्या आठवड्यात कन्फर्मेशन हातात पडलं, आणि शेठनी ती सीडी सकाळ-संध्याकाळ लावायला सुरुवात केली.

महिन्याभराने सावंतसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि फोन हातात दिला. पलीकडे काथोडशेठ. त्यांनी हळदीच्या गाण्यांची नवी सीडी आणली होती, दुकानातून, पूर्ण किमतीला.

"इंजिनेर, आवाज निसता गुलगुलीत येतंय. ती खरखर गेली कुठं? सेट बिघारला."

टेस्ट सीडी, काकी, विनवण्या, काही चाललं नाही. हा तिसरा कॉल होता. नियमाप्रमाणे सेट बदलून दिला.

ग्राहकाचं समाधान सहीपुरतंच करावं. त्याहून जास्त केलेलं आपल्याच अंगावर येतं.