पाचशे पायऱ्या आणि एक गोंदण

मंडळी, सकाळपासून जिवाला चैन नाही, म्हणून इथं लिहितोय.

उस्मानपुऱ्यातल्या माझ्या फोटो स्टुडिओत पाचोडच्या एक मावशी आल्या. हातात त्यांच्या आईचा एकमेव फोटो, पाण्याचे डाग पडलेला. स्कॅन करून डाग काढायला बसलो आणि काम संपत आलं तेव्हाच कॉम्प्युटर अडकला. ‘मेमरी फुल’! बाकी सगळं बंद केलं, तरी माऊस हलेना. मावशी एकदा घड्याळाकडं बघायच्या, एकदा माझ्याकडं. त्यांची बस निघायची होती.

मग कारण सापडलं. चुकलं तर मागं जाता यावं म्हणून मीच सॉफ्टवेअरला पाचशे पायऱ्या लक्षात ठेवायला लावल्या होत्या. त्यातच मेमरी संपली होती. सगळ्या पुसल्या, आकडा वीसवर आणला. माऊस सुसाट पळायला लागला. मी खूश.

मावशींनी स्क्रीनकडं बघितलं.

“लई साफ झाला, पण ही माझी माय नाय, दादा. हिच्या कपाळावरचं गोंदण कुठं गेलं?”

डाग समजून मीच ते पुसलं होतं, आणि आता मागं जायला पायरी नव्हती. परत स्कॅन केलं, परत बसलो. बस गेली.

मागच्या वर्षी वडिलांच्या फोटोतला गालावरचा ठिपका मी असाच साफ केला होता. ते गेले तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. आता विचारायला आईही नाही.

तो तीळ तर नसेल ना हो?